'गारवा', जाम नदी आणि एक भरलेली कॅसेट

जूनचा पहिला आठवडा आला की आपल्या मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी 'गारवा' टाकतंच. मग खाली बदामांची रांग लागते, कोणी आपल्या कॉलेजचं नाव लिहितं, कोणी नुसतंच 'ते दिवस' असं लिहून थांबतं. मागच्या वर्षी या सगळ्यात एका मुलीने, जी आत्ता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सरळ प्रश्न टाकला: "हे नेमकं काय आहे? गाणी चांगली आहेत, पण आईबाबा दोघेही एकदम गप्प का होतात?" त्यावर कोणी नीट उत्तर दिलं नाही. संपादकांनी या अंकासाठी काहीतरी लिही म्हटलं तेव्हा तो प्रश्न आठवला. तिच्या आईबाबांचं मला माहीत नाही. आमच्याकडचं सांगू शकतो.

आधी साधी माहिती. 'गारवा' हा अल्बम १९९८ साली आला. गाणी मिलिंद इंगळे यांनी गायली, चालीही त्यांच्याच. शब्द सौमित्र यांचे. सौमित्र हे टोपणनाव, खरं नाव किशोर कदम. हो, तेच, 'नटरंग', 'जोगवा', 'फँड्री'मधले. मुंबईच्या खारदांडा कोळीवाड्यात वाढलेला, सत्यदेव दुबेंच्या तालमीत नाटक शिकलेला हा माणूस कवीही आहे, आणि त्यांचा '...आणि तरीही मी' हा कवितासंग्रह मराठीत नावाजला गेला. पण मराठी घराघरांत सौमित्र हे नाव पोचलं ते कॅसेटवरून. मिलिंद इंगळे यांचंही तसंच. त्याच सुमारास राजश्रीच्या 'ये है प्रेम' या हिंदी अल्बममधूनही त्यांचा आवाज टीव्हीवर ऐकू येत होता. त्यातलं कोआला अस्वलाचं खेळणं आठवणारे लोक आपल्या मंडळात नक्की आहेत. तरी मिलिंद इंगळे म्हटलं की मराठी माणसाला 'गारवा'च आठवतो.

तुमच्यातल्या धाकट्यांना एक गोष्ट सांगावी लागेल. तेव्हा 'अल्बम' म्हणजे सिनेमाशी संबंध नसलेली गाणी. आधी गाणं म्हणजे सिनेमाचंच, असा देशभर रिवाज होता. नव्वदच्या दशकात एमटीव्ही आणि चॅनल व्ही आले आणि चित्र बदललं. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया', त्याच वर्षी दलेर मेहंदीचं 'बोलो ता रा रा', १९९६ मध्ये लकी अलीचा पहिलाच अल्बम 'सुनो'. लकी अली मेहमूदचा मुलगा, म्हणजे सिनेमाच्याच घरातला, पण नाव झालं ते अल्बमवर. 'गारवा' आला त्याच वर्षी सिल्क रूटचा 'बूंदें'ही आला. म्हणजे त्या साली हिंदीत आणि मराठीत, दोन्हीकडे पाऊसच पडत होता म्हणायचा.

मराठीत तोवर काय होतं? पुष्कळ होतं. नाट्यगीतं, अभंग, लावणी, कोळीगीतं, भीमगीतं, सिनेमाची गाणी आणि भावगीतं. भावगीत म्हणजे आधी कविता, मग चाल. या वाटेने 'गारवा'ही आला आहे, तो आकाशातून पडलेला नाही. भावगीत म्हटलं की अरुण दाते, आणि अरुण दाते म्हटलं की मला जरा कॉलर ताठ करावीशी वाटते, कारण ते मूळचे इंदूरचे, म्हणजे आमच्या मध्य प्रदेशचे मराठी. शिवाय पेशाने टेक्सटाइल इंजिनिअर. मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे आणि अरुण दाते यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला रेडिओसाठी जे केलं, त्यावर आपल्या आईवडिलांची पिढी प्रेमात पडली. पण १९९८ साली कॉलेजात असलेल्या मुलाला ते गाणं वडिलांचं वाटायचं. त्याला स्वतःचं असं मराठी गाणं नव्हतं. त्याच्या वॉकमनमध्ये हिंदी कॅसेट असायची.

आता आमच्याकडे या.

सावरगाव म्हणजे पांढुर्ण्याला लागूनच, मधून जाम नदी. पांढुर्णा स्टेशन नागपूर-इटारसी लाइनवर. नागपूरकडे निघालं की नरखेड, काटोल करत गाडी दोन-अडीच तासांत नेऊन सोडते. भोपाळ त्याच्या कितीतरी लांब. १९५६ पर्यंत या सगळ्या मुलखाची राजधानी नागपूरच होती. राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे तिकडे गेले आणि छिंदवाडा जिल्हा इकडे राहिला, त्यात आम्ही. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, पण भाषेचा हिशोब होता तोच राहिला: घरात मराठी, शाळेत हिंदी.

हा हिशोब नीट सांगितल्याशिवाय 'गारवा'चं महत्त्व कळणार नाही. आमच्या शाळेत पडायची ती 'बारिश'. निबंध 'वर्षा ऋतु'वर. घरी पडायचं ते 'पाणी'. "पाणी येऊन रायलं", "औंदा पाणी नाही चांगलं". 'पाऊस' हा शब्द आमच्या घरात कोणी वापरत नसे. तो नागपूर आकाशवाणीवरच्या बातम्यांत असायचा, म्हणजे परक्यांचा. पाण्याचं जे, तेच बाकी सगळ्याचं. घरची भाषा रागावायला, बैल हाकायला, भाव करायला, हसायला. देवाची भाषा हरिपाठाची आणि तुकडोजी महाराजांच्या भजनांची. आणि प्रेमाची? प्रेमाची भाषा सरसकट हिंदी. मुलगी आवडली तर मनातल्या मनात जे वाक्य तयार व्हायचं, ते हिंदीत व्हायचं, कारण त्या कामासाठी आपल्या बोलीत शब्द असतात हेच आम्हाला माहीत नव्हतं. वऱ्हाडीत प्रेम व्यक्त करायचं म्हणजे विनोदच, असं आम्हीच धरून चाललो होतो. आपल्या मंडळातली मुलं आज मराठी फक्त आजीशी आणि गणपतीच्या आरतीला वापरतात, आणि आपापसांत इंग्रजी-हिंदी, त्याबद्दल मोठी माणसं तक्रार करतात. मला ते ऐकलं की आमची पोरं आठवतात. भाषा संपूर्ण जात नाही. आधी तिच्यातले एकेक कप्पे बंद होत जातात.

'गारवा'ची मूळ कॅसेट आमच्या घरात आली १९९९ च्या उन्हाळ्यात. मोठ्या बाबांचा मुलगा, माझा दादा, नागपूरला कॉलेजात होता. त्याने ती सीताबर्डीवरून आणली. माझी चौथी संपली होती. दुपारी सगळे कूलरसमोर आडवे, आणि दादाने टेप लावला.

पहिल्यांदा ऐकताना सगळ्यांना वाटलं बिघाड आहे. गाणं सुरूच होईना. एक माणूस बोलत होता. गात नव्हता, बोलत होता. उन्हाबद्दल, नेहमीपेक्षा यंदा जास्तच आहे असं काहीतरी, जसं कोणीही ओट्यावर बसून बोलतं तसं. मग त्यात हळूच ढग यायला लागले. आणि मग गाणं. मोठ्या बाबांनी डोळे न उघडता विचारलं, "काय बातम्या लावल्या का रे?"

हा सौमित्रांचा आवाज. गाण्यांच्या मधे मधे ते स्वतःच्या कविता स्वतः म्हणतात, हा 'गारवा'चा खरा डाव आहे. कवी बोलतो, मग गायक गातो, पुन्हा कवी बोलतो. कवी आणि गायक हे दोन वेगळे लोक आहेत हे मला बऱ्याच उशिरा कळलं. लहानपणी वाटायचं, एकच माणूस आहे, बोलून थकला की गातो. बोलण्यातला आवाज जाडसर, जमिनीवरचा. गाण्यातला हलका, तरुण, जोर न लावणारा. गिटार, बासरी, कीबोर्ड, आणि ताल असा की मान आपोआप हलावी पण नाचायला उठू नये. शब्दांत संस्कृतचं ओझं नाही. चौथी पास, हिंदी माध्यमाच्या मुलाला जवळजवळ सगळं कळत होतं, आणि जे कळत नव्हतं ते दादाला विचारायला लाज वाटावी अशा जागी होतं.

मी आज सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे या रचनेकडे थोडं धंद्याच्या नजरेने बघतो. कविता ऐकवून लोकांना गाण्यापर्यंत न्यायचं, हे कागदावर वाईट डिझाइन आहे. लोक कॅसेट पुढे पळवतील. पण कॅसेट पुढे पळवणं कटकटीचं होतं. बटण दाबा, अंदाज घ्या, थांबवा, पुन्हा मागे या. म्हणून लोकांनी कविता ऐकल्या. ऐकून ऐकून पाठ झाल्या. मराठीत पुस्तकाच्या हजारभर प्रती खपल्या तरी प्रकाशक खूश असतो. इथे पानवाल्यापासून पीएचडीवाल्यापर्यंत लोक एका जिवंत कवीच्या कविता त्याच्याच आवाजात पाठ म्हणत होते. याचं श्रेय सौमित्र-इंगळे यांचं आहेच, पण थोडं त्या अडाणी यंत्रालाही द्यावं लागेल.

आमच्याकडे त्या नावालाही वेगळं वजन होतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला गारवा म्हणजे सुखाची झुळूक. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास, कूलरच्या ताट्या वाळून खडखडीत, आणि त्यात लाइट गेली की अख्खं घर ओल्या चादरी घेऊन गच्चीवर. गारवा ही आमच्यासाठी गरजेची वस्तू आहे.

आणि संत्र्यांची बाग असलेल्या घरात तर पैशाची वस्तू. संत्र्याचे दोन बहार असतात, आंबिया आणि मृग. मृग बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडायचं. महिना, दीड महिना. झाडं सुकल्यासारखी होतात, पानं गळतात, नवख्या माणसाला वाटावं बाग मेली. याला ताण देणं म्हणतात. मग मृगाचं पाणी पडलं की तो ताण तुटतो आणि काही दिवसांत सगळी बाग फुलाने पांढरी होते, वासाने डोकं जड होतं. पाणी वेळेवर आलं नाही, किंवा येऊन मधे खंड पडला, तर बहार फुटत नाही आणि वर्ष जातं. म्हणून जूनमध्ये आमच्या वडिलांचं आभाळाकडे बघणं आणि कॅसेटमधल्या माणसाचं आभाळाकडे बघणं यात फरक होता. वडील एकदा म्हणाले, "याले पाणी आलं का कोणीतरी आठवते. आमाले सोसायटीचं कर्ज आठवते." पण मग तेच टेपपाशी बसून राहिले, पुढचं ऐकायला. उन्हाळ्याची काहिली आधी आणि पाऊस नंतर, हा क्रम बागवाल्या माणसाला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

आता दादाचं. नावं सांगत नाही, दोघंही आपापल्या संसारात आहेत. दादाला विचारून लिहितो आहे. तो म्हणाला, "लिही, आता काय होते."

मुलगी पांढुर्ण्याची होती, नदीपलीकडची. जात वेगळी. ओळख नागपूरच्या गाडीतली, दोघंही शनिवारी घरी यायचे. दादाला तिला 'गारवा' द्यायचा होता, पण मूळ कॅसेट द्यायची नव्हती. आमच्याकडे डबल डेकवाला टेप नव्हता. म्हणून त्याने शेजारून दुसरा टेप आणला, दोन्ही समोरासमोर ठेवले, एकावर गाणी लावली आणि दुसऱ्यावर कोऱ्या कॅसेटमध्ये भरली. ज्यांनी अशी कॅसेट भरली आहे त्यांना माहीत आहे, या प्रकारात नुसतं गाणं भरलं जात नाही. खोलीतलं सगळं भरलं जातं. मला दाराशी बसवलं होतं, कोणी बोलू नये म्हणून. मी पंखासुद्धा बंद केला होता. बाजू संपत आली आणि बाहेर वारा सुटला, वळवाचे थेंब पडायला लागले, आणि आजी गच्चीवरून ओरडली. दादाला घरातल्या नावाने हाक मारून: "पाणी येऊन रायलं रे, वाळवण उचला!"

कुरड्या वाचल्या. कॅसेट मात्र तशीच राहिली, कारण पुन्हा भरायला वेळ नव्हता आणि दादा म्हणाला, "असू दे, चांगलं वाटते."

ती कॅसेट नदी ओलांडून गेली. तिने ऐकली, बरेच दिवस ऐकली असणार. पोळ्याच्या आसपास ती तिच्या भावाने लावली, आणि सौमित्रांच्या आणि इंगळ्यांच्या आवाजात मधेच आमची आजी ओरडली. पांढुर्णा तेव्हा काही फार मोठं नव्हतं. ते नाव कोणाचं, हे शोधायला त्याला एक दिवस पुरला.

इथे थांबून, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी गोटमारबद्दल सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर उभे राहतात आणि एकमेकांना दगड मारतात. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवलेलं, त्याला झेंडा. पांढुर्णेवाल्यांनी तो तोडून न्यायचा, सावरगाववाल्यांनी वाचवायचा. दिवसभर चालतं. शेकडो जखमी होतात, माणसं मेलीही आहेत. प्रशासनाने बंदीचे हुकूम काढून बघितले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन बघितले, काही उपयोग झाला नाही. शेवटी सगळे मिळून चंडीमातेच्या देवळात जातात. याच्यामागची गोष्ट अशी सांगतात की पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून निघाले होते, नदी ओलांडताना मुलीकडच्यांनी दगड मारले, मग मुलाकडच्यांनी उलट मारले, आणि दोघंही मधेच गेले. म्हणजे आमच्याकडे दोन माणसांचं प्रेम हा गावाचा सण आहे. साजरा दगडांनी होतो. टीव्हीवाले दरवर्षी येऊन हे दाखवतात आणि आम्ही बाहेरच्यांसमोर ओशाळतो, पण त्यातला खरा लाजेचा भाग टीव्हीवर येत नाही. तो वर्षाचे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस घरात असतो.

दादाच्या बाबतीत दगड वगैरे काही झालं नाही. गोटमार होऊन आठवडा झाल्यावर तिचे काका आले, चहा घेतला नाही, कॅसेट ओट्यावर ठेवली आणि मोठ्या बाबांना म्हणाले, "तुमची वस्तू आमच्याकडे आली होती." बस, इतकंच. त्याच हिवाळ्यात तिचं लग्न लांब अमरावतीकडे झालं. आजीला सगळं कळलं तेव्हा ती दादावर रागावली: "वर्सातून एक दिवस गोटमार होते, ते पुरत नाही का रे तुले?" आपल्या हाकेमुळे झालं हे तिला कोणी सांगितलं नाही.

मी पुढे इंजिनिअरिंगला नागपूरला गेलो तेव्हा 'गारवा' पुन्हा ऐकला, एमपीथ्री होऊन आलेला. होस्टेलवर पावसाच्या रात्री कोणीतरी लावायचंच. तेव्हा मला एक गोष्ट जाणवली, आणि नंतर दर वेळी जाणवत राहिली. त्या कवितांमध्ये बोलणारा बहुतेक 'तो' आहे. 'ती' आठवणीत असते, पावसात असते, गेलेली असते. तिला काय वाटलं, हे आपण त्याच्याकडून ऐकतो. ही तक्रार नाही, बहुतेक प्रेमकविता अशीच असते. पण दादाची गोष्टही मला तशीच माहीत आहे, एकाच काठाची. पलीकडे ती कॅसेट किती वेळा ऐकली गेली, कोणत्या खोलीत, आवाज किती बारीक ठेवून, हे मला कधीच कळणार नाही.

गाण्यांबद्दल सरळ बोलायचं तर आज सगळाच अल्बम सारखा टिकलेला नाही. कीबोर्डचे काही आवाज आता जुन्या मोबाइलच्या रिंगटोनसारखे लागतात. दोन-तीन चाली एकमेकींच्या चुलत बहिणी आहेत. पण शीर्षकगीत आजही लावा, पहिल्या काही सेकंदांत खोलीतलं तापमान बदलतं. आणि सौमित्रांचं बोलणं तर जराही जुनं झालेलं नाही, कारण साध्या बोलण्याची फॅशन बदलत नाही.

त्यानंतर दार उघडलं ते उघडलंच. याच जोडीचा 'सांज गारवा' आला. वैशाली सामंतच्या 'ऐका दाजीबा'ने मराठी गाणं थेट डीजेवर नेलं. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी २००३ पासून 'आयुष्यावर बोलू काही'चे प्रयोग सुरू केले. कवी आणि गायक स्टेजवर शेजारी बसलेले, बोलणं आणि गाणं आलटून पालटून, आणि प्रेक्षागृहात कॉलेजची पोरं. स्वप्नील बांदोडकर, अवधूत गुप्ते ही नावं पोरांच्या तोंडी आली. यातलं सगळं 'गारवा'मुळे झालं असं म्हणणं जास्त होईल. मराठी वाहिन्याही तेव्हाच सुरू होत होत्या, अल्फा मराठी १९९९ ची. पण तरुण मुलं मराठी कविता पैसे देऊन ऐकतात, हे आधी या कॅसेटने दाखवून दिलं होतं.

आणि किशोर कदम यांच्याबद्दल एक राहिलं. २०१३ च्या 'फँड्री'त त्यांनी कचरू मानेचं काम केलं आहे, जब्याच्या वडिलांचं. जब्याला वरच्या जातीची शालू आवडते, आणि बापाला गावात डुकरं पकडावी लागतात. शेवटी जब्या दगड उचलतो आणि थेट आपल्यावर भिरकावतो. मी तो सिनेमा थिएटरात पाहिला. बाजूचे लोक टाळ्या वाजवत होते. मला मात्र सुचेना. 'गारवा'चा कवी पडद्यावर मान खाली घालून उभा, आणि दगड. पांढुर्ण्याच्या माणसाला हे दोन्ही एका माणसाच्या नावावर बघायला मिळणं, हा योगायोग असेल. पण मला त्या दिवसापासून 'गारवा' निव्वळ गोड वाटेनासा झाला. जो माणूस इतक्या हळुवारपणे पावसाबद्दल बोलतो त्याला दगडांचीही पूर्ण माहिती आहे, हे कळल्यावर तेच शब्द वेगळे ऐकू येतात.

तर त्या मुलीला, जिने ग्रुपवर प्रश्न विचारला: गाणी सुटी ऐकू नकोस. ॲपवर शफल बंद कर आणि पहिल्यापासून ऐक, बोलण्यासकट. बोलणं पुढे ढकलायचा मोह होईल, कारण आता ते एका बोटाचं काम आहे. पुष्कळ ठिकाणी गायकाचं नाव मोठ्या अक्षरात आणि कवीचं कुठेच नाही असंही दिसेल, तर सौमित्र हे नाव तू लक्षात ठेव. शक्य झालं तर आईबाबा गाडीत असताना लाव. ते गप्प झाले तर होऊ दे. नंतर विचार, कॅसेट कोणाची होती. आणि जमलं तर मराठीत विचार, ज्या मराठीत ते घरी भांडतात त्या.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा दादाला फोन केला. तो आता बाग बघतो, दोन मुलं आहेत, मोठी मुलगी नागपूरला शिकते, शनिवारी त्याच गाडीने घरी येते. मूळ कॅसेट केव्हाच हरवली. भरलेली, ओट्यावर परत आलेली, अजून आहे. मी म्हटलं, "दादा, वाजवतो का कधी?"

"वाजवाले टेप कुठी हाये आता? आजीचा आवाज हाये म्हणून ठेवली."

आजी जाऊन बारा वर्षं झाली. तिचा दुसरा कुठलाच आवाज आमच्याकडे नाही, व्हिडिओ नाही, काही नाही. मी ती कॅसेट कुरिअरने मागवली. फीत एका जागी चिकटली होती, ती सोडवली, एक जुना टेप मिळवून लॅपटॉपला जोडला आणि दोन्ही बाजू उतरवून घेतल्या. खरखर भरपूर आहे, ती काढायचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे, पण लावलं नाही. पहिल्या बाजूच्या शेवटी वारा ऐकू येतो, पत्र्यावर टपटप सुरू होते, आणि मग ती हाक. फाइल काल रात्री दादाला पाठवली. दोन निळ्या रेघा आल्या आहेत, उत्तर अजून नाही. बागेत असेल. ताण तोडायचे दिवस आहेत.